रोकडे मास्तरांची काच

रोकडे मास्तरांच्या टॅबलेटवर दोन टिकल्या चिकटवलेल्या आहेत. मरून रंगाच्या, बारीक, त्यांच्या बायकोच्या पाकिटातल्या. हौस म्हणून नाही आणि नजर लागू नये म्हणूनही नाही. मास्तर न बघता टाइप करतात. टाइपरायटरवर हात ठेवला की बोटं आपापल्या घरी जातात, पण काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. म्हणून डाव्या तर्जनीला एक टिकली, उजव्या तर्जनीला एक. बोटाला ती लागली की मास्तरांची नजर आकाशाकडे आणि हात कामाला.

अडचण एवढीच, की पडद्यावरचा कीबोर्ड मिटला तरी टिकल्या जागच्या जागीच राहतात. मग अर्जाबरोबर जोडायचा फोटो उघडला, की भरघोस मिशांच्या एखाद्या भोईरकाकांच्या गालावर टिकली दिसते. काका दचकतात. मास्तर शांतपणे सांगतात, "छापताना येत नाही ती. बसा."

मी मास्तरांचा शेजारी. अंबरनाथ पूर्वेला एका सरकारी कचेरीच्या कंपाउंडला लागून अर्ज लिहून देणाऱ्यांची टेबलं असतात, आणि त्या रांगेच्या तोंडाशी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. राहायला मी बदलापूरला. रांगेत टाइप झालेला प्रत्येक कागद छापायला माझ्याकडे येतो, त्यामुळे कोण काय लिहितं आणि कुठे चुकतं, हे कचेरीतल्या साहेबांच्या आधी मला कळतं. यंत्रांचं मला कौतुक नाही. वीस वर्षं झेरॉक्सच्या पोटात हात घालून अडकलेले कागद ओढल्यावर ते कुणालाच राहणार नाही.

मास्तरांचं मात्र उलटं. पूर्वी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्यांचा टायपिंगचा क्लास होता. क्लास बंद पडल्यावर ते एक टाइपरायटर घेऊन इथे येऊन बसले. पुढे रांगेतल्या एकेकाने लॅपटॉप आणला. मास्तरांनी नाही आणला. ते थेट टॅबलेटवर गेले, तोही केवढा, तर जेवणाच्या ताटाएवढा. विकत घ्यायला गेले तेव्हाची गोष्ट ते स्वतःच सांगतात. कॅम्पातला सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, बढिया चीज है. इसपे पिक्चर देखो, पोते को कार्टून दिखाओ."

मास्तर म्हणाले, "मेरे को इसपे काम करने का है."

"काम के लिए लॅपटॉप लो ना बाबा. इसपे काम नहीं होता."

झालं. त्या एका वाक्यावर मास्तरांनी टॅबलेट घेतला. तेव्हापासून जगातलं सगळं काम त्यावर होतं, हे सिद्ध करायचा विडा त्यांनी उचलला आहे.

लॅपटॉपवर त्यांचा मुख्य आरोप एकच. "त्याला बिजागरी आहे," ते म्हणतात. "बिजागरी आली की सुतार आला." कुठलीही वस्तू ते याच कसोटीला लावतात. दोन वर्षांपूर्वी मी घडीची छत्री घेतली, तर ती उघडून, मिटून बघितली आणि दहा बिजागऱ्या मोजून दाखवल्या. माझ्या चष्म्याकडेही ते काळजीने बघतात.

दुसरा आरोप जरा वेगळा आहे. "लॅपटॉप उघडला की त्याचं झाकण कुणाच्या तोंडासमोर उभं राहतं? समोर बसलेल्या माणसाच्या. अर्ज त्याचा, आणि त्यालाच दिसत नाही." मास्तर टॅबलेट टेबलावर आडवा ठेवतात, लिहून झालं की गर्रकन फिरवून गिऱ्हाइकासमोर करतात, अक्षर बोराएवढं मोठं करतात आणि ओळीवरून बोट फिरवत मोठ्याने वाचून दाखवतात. सही त्यानंतरच. ज्याला वाचता येत नाही, त्याला तर दोनदा वाचून दाखवतात. हे मात्र मलाही पटायचं, पण मी तसं बोलून दाखवलं नाही. मास्तरांना हो म्हटलं की ते अर्धा तास सोडत नाहीत.

जुनी सवय काही बोटांतून जात नाही. टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हाताने दांडी ढकलायची असते. मास्तरांचा डावा हात अजूनही ओळ संपली की फटकन जातो. पहिल्या आठवड्यात त्या फटक्याने टॅबलेट टेबलावरून घसरला आणि शेजारच्या टेबलावरच्या वंदनाच्या चहावर पडला. मास्तरांनी तो उचलून शर्टाला पुसला, चालू करून बघितला आणि म्हणाले, "बघितलंस? लॅपटॉप असता तर संपला असता."

"सर, चहा माझा संपला," वंदना म्हणाली.

ही वंदना मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. शहाडला राहते. नवऱ्याची कंपनी बंद पडली, तेव्हा भावाचा जुना लॅपटॉप घेऊन ती आमच्या रांगेत आली. त्या लॅपटॉपची बिजागरी आधीच तुटलेली होती. झाकण उभं राहावं म्हणून ती मागे पाण्याची बाटली ठेवते. मास्तरांना तर आयतं कोलीत मिळालं. आल्या दिवशीच तिने मला सांगून टाकलं होतं, "दादा, सहा महिने बघते. नाही जमलं तर एमआयडीसीत पॅकिंगला लागते. तिथे बारा तास उभं राहावं लागतं, पण नक्की असतं." मुलगी पाचवीत. बारा तासांची ड्युटी धरली तर ती पोर शाळेतून आल्यावर कुणाच्या दारात बसणार, हे ती बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुपारी गर्दी ओसरली की या दोघांची जुंपायची. तिच्या लॅपटॉपचा पंखा घरघरतो, मास्तरांची काच मुकी. तिला एका वेळी दोन कागद समोर उघडून ठेवता येतात, मास्तर म्हणत, एका वेळी एकच काम नीट करावं. ती म्हणायची, "सर, ते पत्रं वाचायला ठीक आहे. खरं काम बटनांवर होतं." शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची, तेव्हा मास्तरांचा दिवस असायचा. तिची म्हातारी बॅटरी दहा मिनिटांत मान टाकायची आणि मास्तर संध्याकाळपर्यंत टाइप करत, अधूनमधून तिच्याकडे बघत. फक्त लाइट नाही म्हणजे माझं मशीनही बंद. मास्तरांचा विजय छापून काही निघायचा नाही.

मी दोघांचं ऐकून माझ्यापुरता निकाल लावून टाकला होता. टॅबलेट एका पानाच्या अर्जाला ठीक, मोठ्या कामाला लॅपटॉपच पाहिजे. पुरावा माझ्या मशीनमधूनच रोज निघत होता. जन्मदाखल्याचा अर्ज, पत्त्यातला बदल, असलं किरकोळ मास्तरांकडून यायचं. वारसनोंदी, लांबलचक प्रतिज्ञापत्रं, तक्ते असलेली कामं वंदनाकडून. गिऱ्हाईक आधी बसायचं मास्तरांकडे, कारण त्यांचं नाव जुनं. पण पाच मिनिटांत कागदांची पिशवी उचलून पलीकडे जायचं. मी गालात हसायचो. एवढी मोठी परात, आणि तिच्यात एक तक्ता मावत नाही. एकदा तसं तोंडावर बोललोसुद्धा. मास्तर म्हणाले, "कंपनी सुधारणा करतेय. येईल." आणि टिकली नीट दाबून बसवत राहिले.

पावसाळा संपता संपता वंदनाची मुलगी तापाने आजारी पडली आणि ती तीन दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशी बदलापूरच्या पुढच्या एका गावातले पाटील आले, साठीचे, आगरी, हातात कागदांचं गाठोडं. वडिलांच्या जमिनीवर वारसांची नावं लावायची होती. सात भावंडं, त्यांतली दोन वारलेली, त्यांची मुलं वेगळी, दोघी बहिणी पनवेलकडे दिलेल्या. वंशावळ काढायची, जमिनीच्या तुकड्यांचा तक्ता करायचा, आणि कागद त्याच दिवशी तीनच्या आत कचेरीत गेले पाहिजेत.

"जय भीम, पाटील. बसा," मास्तर म्हणाले.

"राम राम मास्तर. बाई कई हाय?"

"बाई नाहीत आज."

पाटलांचा चेहरा उतरला. मास्तरांनी वंदनाच्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि सुस्कारा सोडून बाह्या वर केल्या. मग जे झालं ते मी काउंटरवर कोपर टेकून बघत राहिलो. मास्तरांनी कागद एकेक करून काचेवर टिपून घेतले. टॅबलेट आडवा ठेवून, प्लास्टिकच्या पेनाने पाटलांचं सगळं खानदान काढलं. वर वडील, खाली फांद्या. पाटील समोरून बोट ठेवून सांगत होते, "ही नाय, ही धाकली. तिचा नाव पयला घ्या, नायतर रुसल." मास्तर नाव उचलून पुढे सरकवत होते. मग तक्ता झाला, सहा रकान्यांचा, ओळीत ओळ. अकरा पानं. पाऊण वाजता फाइल माझ्याकडे आली आणि एकही रेघ वाकडी नव्हती.

छापलेले कागद घ्यायला पाटील दुकानात आले. त्यांची मान नुसती डोलत होती. "मंगं मागल्या खेपंला मना का सांगला, का काचंवर तक्ता नाय व्हत, बाईकर जा? भावाचा काम व्हता तवा. माजे म्होरं आनखी दोघांना त्याच सांगला."

मी हातातले कागद तसेच धरून राहिलो. इतक्या महिन्यांत मास्तरांना हसण्यात मी किती वेळ घालवला होता, ते मला एकदम आठवलं आणि लाज वाटली.

संध्याकाळी दोन चहा घेऊन मी त्यांच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, "मास्तर, तक्ता होतो की."

त्यांनी चहा बाजूला ठेवला. टॅबलेटला जुन्या टाइपरायटरचं रेक्झिनचं कव्हर आहे, ते घालत राहिले. कव्हर एवढं मोठं की टॅबलेट आत हरवतो.

"पहिल्या दिवसापासून होतो," शेवटी ते म्हणाले. "माझ्या क्लाससमोर कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता, तुला सांगितलंय का कधी? मी रोज खिडकीतून बघायचो. मला कळलं होतं, टाइपरायटर आता संपला. तरी एक बॅच घेतली. माझी बाकं रिकामी दिसू नयेत म्हणून. वंदना त्या बॅचची. तिचा बाप गिरणीतनं सुटून तसाच यायचा तिला पोचवायला. मला विचारलं त्याने, मास्तर, पोरीला पुढे उपयोग होईल ना? मी म्हटलं, जन्मभर होईल." ते थांबले. "परीक्षेत पहिली आली ती. आणि नोकरी मागायला गेली तर कुठल्याच ऑफिसात टाइपरायटर उरला नव्हता."

"मग तिला सरळ काम द्यायचं की, हे तू कर म्हणून."

"दिलं होतं. पहिल्याच आठवड्यात. तर म्हणाली, सर, दया नको, गिऱ्हाईक आलं तर माझ्या कामावर येऊ दे. बरोबर आहे तिचं. मग काय करू? खोटं बोलायचं तर याच्याबद्दलच बोलावं लागलं." त्यांनी कव्हरवर हात ठेवला. "या बिचाऱ्यात काही खोट नाही रे. रोज गिऱ्हाइकांपुढे त्याची नालस्ती करतो, वाईट वाटतं."

मास्तरांचं घरही याच टेबलावर चालतं, पेन्शन-बिन्शन काही नाही. हे मला माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. आम्ही चहा प्यालो. उठताना ते म्हणाले, "तिला बोलू नकोस." एवढंच.

मी बोललो नाही. वंदना परत आली आणि सगळं पूर्ववत सुरू झालं. कुणी गाठोडं घेऊन आलं की मास्तर काचेवर दोन बोटं आपटायचे, कपाळाला आठ्या घालायचे, आणि हळूच म्हणायचे, "नाही हो, हे यावर नाही जमत. बाईंकडे जा." तासाभराने पुन्हा मोठ्या आवाजात लॅपटॉपचा उद्धार. मी आता हसत नव्हतो, तर मास्तर माझ्यावरच डोळे वटारायचे. हसायला हवं होतं, नाहीतर तिला शंका आली असती. मग मी हसायला लागलो.

सहा महिने झाले त्या दिवशी वंदना जिलेबी घेऊन आली. पहिली मास्तरांना दिली आणि वाकून नमस्कार केला. "सर, पॅकिंगचं रद्द. पोट भरण्याइतकं जमतंय. मी इथेच राहणार."

"हं," मास्तर म्हणाले. त्यांचा घास तोंडातच राहिला होता.

ती घुटमळली. मग जवळचं स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सर, एक बोलू? राग नका मानू. गिऱ्हाइकं मला सांगतात, तुमच्याकडे मोठी कामं अडतात म्हणून. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमचं वय झालं, ते यंत्रही तसलंच. जे जमत नाही ते बिनधास्त माझ्याकडे पाठवत जा. मी आहे ना."

माझ्या हातात कुणाच्या तरी अर्जाच्या गरम प्रती होत्या. आपल्या टॅबलेटबद्दल एक वावगा शब्द ऐकून न घेणारा तो माणूस आता काय म्हणतो, म्हणून मी कान देऊन उभा होतो. मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं, आणि मान खाली घातली.

"बरं," ते म्हणाले. "पाठवत जाईन."