नाझरसाहेबांच्या गाडीची चौकशी

पुराव्याशिवाय नाझरसाहेबांनी आपल्या गाडीचा साधा स्क्रूही कधी बदलू दिला नाही. मेकॅनिक म्हणाला की प्लग गेलेत, तर हे विचारणार, "कोणी पाहिलं?" तो म्हणाला की अनुभव आहे, तर हे म्हणणार, "अनुभव म्हणजे ऐकीव पुरावा. पुढे बोला."

कोर्टात ते नाझर होते. नोटिसा बजावणं, जप्त्या करणं हे काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी चौलमध्ये अजूनही ते दूधवाल्याला 'विलंबाचं कारण?' असं विचारतात. आता दूधवालाही कारण तयार ठेवूनच येतो.

त्यांची गाडी कधीकाळी पांढरी होती. तिचा कारखाना कधीच बंद पडला. गाडी मात्र गेल्या वर्षापर्यंत बंद पडत नव्हती. मग अचानक ही खोड लागली. छान चाललेली असताना हिसके द्यायची, काळा धूर सोडायची, मागून सुतळी बॉम्बसारखा आवाज काढायची आणि गप्प व्हायची. थोड्या वेळाने पुन्हा शहाण्यासारखी सुरू. गॅरेजमध्ये नेली की एक शिंक नाही.

नाझरसाहेबांनी अंगणात चौकशी बसवली. पंप, कॉइल, पॉइंट, कार्ब्युरेटर असे सगळे संशयित एकेक करून बाहेर काढले गेले, पुसले गेले आणि निर्दोष सुटले. निकाल ते ग्रीसने माखलेला हात वर करून जाहीर करत. आम्ही शेजारी कुंपणावरून ऐकत असू. रेवदंड्याच्या इक्बाल मेकॅनिकने दिवसभर गाडी फिरवून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, गाडीत काय पन नाय. उगाच खोलू नका तिला." त्यालाही जबाब अपुरा म्हणून परत पाठवण्यात आलं.

अखेर पनवेलला राहणाऱ्या त्यांच्या मुलाचा, नितीनचा, धीर सुटला. त्याने अट घातली: रविवारी मुरुडला जाऊन परत यायचं. वाटेत एकदा जरी गाडी बंद पडली, तरी ती विकायची आणि आईवडील दोघांनी त्याच्या फ्लॅटवर राहायला यायचं. साक्षीदार म्हणून माझं नाव दोन्ही पक्षांना मान्य झालं, कारण मला गाडीतलं काही कळत नाही.

नाझरसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसले. शेजारी मांडीवर पिशवी घेऊन त्यांच्या पत्नी. त्यांनी मुरुडच्या वाटेवरच्या एका शाळेत आयुष्यभर शिकवलं, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. नाझरसाहेबही. हल्ली बाई फारसं बोलत नसत. नवऱ्याच्या बोलण्याने दमल्या असतील, असं मला वाटायचं. मी असतो तर केव्हाच दमलो असतो.

रेवदंड्याचा पूल ओलांडला. नाझरसाहेब मान तिरकी करून इंजिन ऐकत होते. कोर्लई मागे पडलं तेव्हा आरशातून माझ्याकडे पाहून म्हणाले, "इंजिन गरम, आवाज स्वच्छ. नोंद घ्या." मी घेतली.

पुढे चढ लागला. समोरून पर्यटकांच्या गाड्या, मागे एसटी. वळण संपता संपता पहिला हिसका बसला. मग धूर. मग आवाज, आणि पाठोपाठ दुसरा. भर चढावर इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घसरू लागली. नाझरसाहेबांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. एसटीचे ब्रेक किंचाळले. मी उडी मारून चाकाखाली दगड घातला. आमच्यात आणि बसमध्ये हातभर जागा उरली असेल.

"काका, गाडी हाय का तोफ?" ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला. "शिमग्याला आणा ती."

नेहमीच्या इतमामाने नाझरसाहेब उतरले, बॉनेट उघडलं आणि मोठ्याने पंपाची उलटतपासणी सुरू केली. मी बाईंच्या खिडकीशी उभा होतो. डॅशबोर्डखालची चोकची खुंटी पूर्ण बाहेर ओढलेली होती. त्यांची बोटं अजून तिच्यावर होती. सकाळी थंड इंजिन सुरू करताना चोक ओढतात, आणि गरम इंजिनवर ओढला तर ते पेट्रोलने गुदमरतं, एवढं त्या अंगणातल्या चौकशीत माझ्याही कानांवर पडलं होतं.

मी वर पाहिलं. नाझरसाहेब पंपाकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते.

"हल्ली दोरी ओढली तरी लगेच थांबवत नाहीत," बाई म्हणाल्या. "फाटा मागे गेला." आणि दार उघडून उतरल्या.

शाळेचा फाटा मागेच होता. एसटीने जायच्या तेव्हा, कंडक्टर ओळखीचा असल्यामुळे, घंटेची दोरी त्या स्वतःच ओढायच्या.

नाझरसाहेबांनी त्यांची पिशवी हातात घेतली.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"गाडी बिघडली तेव्हापासून."

चोकची तारच काढून टाका ना, असं मी म्हणालो.

"काढली होती. तर ती चालत्या गाडीचं दार उघडायला लागली." त्यांनी बॉनेट खाली पाडलं. "नितीनला कळलं तर तो तिला सातव्या मजल्यावर नेऊन ठेवेल. इथे निदान तिला आपली विहीर सापडते. पण खोटं बोला असं मी तुम्हाला सांगणार नाही."

मग दोघं फाट्याकडे चालत गेले. बाईंनी शाळेच्या फाटकाचं कुलूप हलवून पाहिलं, जरा उभ्या राहिल्या आणि परत आल्या. रविवार आहे हे विसरलेच, म्हणाल्या. होतं असं, नाझरसाहेब म्हणाले आणि बसता बसता त्यांनी खुंटी आत ढकलली. पहिल्या चावीला गाडी सुरू झाली.

मुरुडला आम्ही नुसता चहा घेतला आणि परत फिरलो. परतताना तिला कधी उतरायचं नसतं, असं नाझरसाहेबांनी मला टपरीवर सांगितलं होतं. फाटा आला, गेला. बाई समुद्राकडे पाहत होत्या. रेवदंडा जवळ आलं तेव्हा माझा फोन वाजला. नितीन.

"काका, खरं सांगा. बंद पडली ना?"

नाझरसाहेबांची नजर रस्त्यावर होती. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, मला साधी खूणसुद्धा केली नाही.

"थांबली होती," मी म्हणालो. "बाईंना शाळेपाशी उतरायचं होतं."

"आणि ते आवाज?"

"गाडीत काही दोष नाही रे. इक्बाल म्हणतो तेच बरोबर आहे."

शब्दन् शब्द खरा होता. मग राहू दे गाडी सध्या, नितीन म्हणाला.

मी फोन खिशात ठेवला. बाईंनी मागे वळून माझ्याकडे नीट पाहिलं. आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण आहे. गेली कित्येक वर्षं त्यावरून आमच्याकडे त्यांची केळी येतात आणि त्यांच्याकडे आमचे नारळ जातात.

"तुम्ही कुठे उतरणार?" त्यांनी विचारलं.

आरशात नाझरसाहेबांचे डोळे दिसले. मी म्हणालो, "चौलला."

"मग बसा निवांत," बाई म्हणाल्या. "आम्हीही तिकडेच."