गाडीचं बारसं

आमच्या कॉलनीत नवी गाडी आली की तिचं बारसं होतं. हार, नारळ, चाकाखाली लिंबू हे सगळीकडेच असतं. आमच्याकडे त्यानंतर एक बाई गाडीच्या डाव्या आरशाशी वाकते, हळूच नाव सांगते आणि मोठ्याने 'कुर्रर्र' करते. बाकीच्या बायका रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घालतात. आरसा म्हणजे गाडीचा कान, हा शोध देवपुजारी काकांचा.

काका मूळचे नागपूरचे. लखनौला रेल्वेच्या संशोधन खात्यात डब्यांच्या चाकांवर उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर इथेच मानक नगरात, कॉलनीच्या भिंतीला लागून घर बांधून राहिले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. चाकांचं काम संपलं तरी चाकांवरच्या वस्तूंत नाक खुपसायची सवय गेली नाही.

"कंपनी म्हणजे आडनाव," ते समजावतात. "मॉडेल म्हणजे कूळ. मग नाव कुठाय बाप्पा? एकाच कुळातल्या लाखभर पोरी, अन् एकीलाही नाव नाही!"

कंपन्या गाड्यांना नावं कशी देतात यावर त्यांचा दांडगा अभ्यास आहे. "एसीत बसतात, अन् परदेशातलं एखादं वारं नाही तर डोंगर उचलून आणतात. तेही संपलं की अक्षरं अन् आकडे. हे गाडीचं नाव आहे की खोकल्याच्या औषधाचं?" हल्लीच्या गाड्यांच्या रुंद जाळ्या पाहिल्या की ते थांबून विचारतात, "काहून एवढं तोंड वासून राहिली? काय गिळायचं आहे हिला?" 'ओ'ने संपणारी गाडी बायकोला विचारून घेतलेली असते आणि 'र'ने संपणारी न विचारता, हाही त्यांचाच सिद्धांत. आमची 'र'ने संपते. माझ्या बायकोने, सुनंदाने, तो सिद्धांत तिथल्या तिथे मान्य केला.

नाव कसं हवं, तर भारदस्त. आमच्या गाडीचं इंद्रायणी. शेजारच्या मिश्राजींच्या गाडीचं गोदावरी. मिश्राजींनी ती नदी कधी पाहिलेली नाही, पण फोनवर ऐटीत सांगतात, "भाईसाहब, आज नहीं आ पाएँगे, गोदावरी सर्विसिंग में गई है।" बारशाच्या घुगऱ्यांना ते इकडची चण्यांची मसालेदार घुघनी समजतात आणि दर वेळी वरून कांदा मागतात. काका दर वेळी नकार देतात.

नाव ठेवायचा मान आत्याचा. पण लखनौत आत्या आणायची कुठून? प्रत्येकाची आत्या साताऱ्याला, नाही तर अकोल्याला. काकू होत्या तोवर सगळ्या गाड्यांच्या आत्या त्याच. नंतर तो मान सुनंदाकडे आला.

एवढ्या गाड्यांची बारशी घालणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी मात्र बिननावाची. जुनी, बदामी रंगाची, दारं आपटल्याशिवाय न लागणारी. "काका, हिचं नाव काय?" असं विचारलं की एकच उत्तर, "ठरून राहिलं आहे." आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा करायचो. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आणखी काय!

यंदा त्या गाडीने मान टाकली. पार्ट कधीच मिळेनासे झाले होते. गॅरेजवाल्यानेही हात जोडले, "अंकल जी, अब इसमें कुछ बचा नहीं।" भंगारात द्यायचं ठरलं, आणि त्याच सुमारास कंपनीने तेच जुनं नाव देऊन एक नवी धिप्पाड गाडी बाजारात आणली. काका पेपर घेऊन आमच्याकडे आले. तो टेबलावर आपटून म्हणाले,

"घरात म्हातारी जिवंत असताना तिचं नाव नातीला ठेवतं का कोणी? होतं तेवढं कुळाचं नावही हिसकावून घेतलं. आता बिननावाची कशी पाठवू मी तिला?"

"मग ठेवून टाकू या की नाव," सुनंदा म्हणाली.

रविवारी सकाळी भंगारवाल्याचा ट्रक आला. सुनंदाने घुगऱ्या केल्या होत्या. काकांनी गाडी धुऊनपुसून चकचकीत केली होती आणि स्वतः इस्त्रीचा सदरा घातला होता. सुनंदा आरशाशी वाकली. "काका, नाव सांगा."

काकांनी सदऱ्याच्या बाहीने आरसा पुन्हा एकदा पुसला. ट्रकवाला घाई करू लागला, "चाचा, देर हो रही है।"

"सुनंदा, सरक जरा," काका म्हणाले. "तुमच्या काकूला, शकूला, 'बबडी' ठेवायचं होतं. मी म्हटलं, हे काय गाडीचं नाव आहे? लोक हसतील. कावेरी ठेवू. ती म्हणाली, बबडीच. मी अडून बसलो, तीही अडून बसली. वाटलं, ठरवू निवांत. घाई काय आहे."

गुडघ्यावर हात टेकून ते वाकले. आरशाला ओठ लावून म्हणाले, "बबडी." पुढचं 'कुर्रर्र' सुनंदाने केलं. मला रडू आवरेना, म्हणून मी उगाच घुगऱ्यांचं पातेलं उचललं.

आता रिवाजाप्रमाणे पाठीत धपाटा घालायचा होता. सुनंदाने हात उचलला आणि काकांच्या पाठीवर तसाच ठेवून दिला.

मिश्राजींनी त्या दिवशी कांदा मागितला नाही. गाडी ट्रकवर चढत होती, तेव्हा ते पुढे झाले आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "भैया, ज़रा सँभाल के ले जाना। बबडी नाम है इसका।"

कोणी हसलं नाही.