माणशी पाच किलो

"नऊ माणसं, तीन दिवस, माणशी पाच किलो! वर एक ग्रॅम चालणार नाही!" काटामामानं जेवणाच्या टेबलावर अशी मूठ आपटली की पाण्याचे पेले दचकले. माणसं मात्र दचकली नाहीत. त्यांना सवय होती.

मामानं एकतीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर नोकरी केली होती. लांबून टायर बघूनच तो वजन सांगायचा, आणि काट्याला नाइलाजानं तेच दाखवावं लागायचं! निवृत्त झाला तेव्हा ट्रक सुटले, पण घर सापडलं. दाराच्या चौकटीला त्यानं स्प्रिंगचा काटा टांगला आणि घरात येणारी-जाणारी प्रत्येक पिशवी त्याला लटकू लागली. दूधवाला तर त्याला पाहिलं की आधीच अर्धा पेला जास्त ओतायचा. अख्खी गल्ली त्याला काटामामा म्हणायची. बायको म्हणायची, "काटा चौकटीला नाही, यांच्या जिभेला आहे."

ते काही खोटं नव्हतं. सात वर्षांपूर्वी थोरल्या मुलाच्या लग्नात धाकट्या बहिणीनं मामाच्या हातात भेटीचा डबा ठेवला. मामानं सवयीनं तो तळहातावर दोनदा उडवला आणि दोनशे माणसांसमोर म्हणाला, "हलकं आहे गं!"

त्याच्या धंद्यात हलकं म्हणजे जे भारी नाही ते. एवढंच! पण बाकीच्या जगात हलकं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. बहीण जेवल्याशिवाय निघून गेली. सात वर्षं तिनं त्याला दादा म्हणून हाक मारली नाही. आता तिनं नवं घर घेतलं होतं आणि वहिनीला फोन केला होता : "सगळे या. त्यालाही आणा."

'त्याला' हा शब्द मामाला बोचला. पण बोलावणं ते बोलावणं! बायकोनं ताकीद दिली, "या खेपेला नीट वागा. नाहीतर मरेपर्यंत 'तो'च राहाल."

तिनं जाड बुडाच्या पाच पातेल्यांचा संच घेतला. एकात एक बसणारी, आरशासारखी लखलखीत. वर झाकणाचा खोका आणि त्याला लाल रिबन. मामा तो काट्याला लावायला निघाला, तशी ती आडवी आली.

"खबरदार! भेटीचं वजन करायचं नाही. सात वर्षांपूर्वी केलंत तेवढं पुरे!"

झालं! अख्ख्या घरात काट्यावर न चढणारी वस्तू एकच, हे त्या क्षणी सगळ्यांच्या कानावर गेलं.

निघायच्या आदल्या दिवशी दारात रांग लागली. काट्याचं एक टोक हातात घेऊन मामा उभा, जसा सरहद्दीवरचा शिपाई.

"सूनबाई, पाच किलो आठशे. हे काय आहे?"

"केस वाळवायचं यंत्र, बाबा."

"वारा फुकट असतो. काढा! थोरल्या, दोन बूट कशाला?"

"पाय दोन आहेत, बाबा."

"दोन जोड, गाढवा! एक काढ!"

मामाच्या आईची गरम पाण्याची रबरी पिशवीसुद्धा निघाली. म्हातारी कडाडली, "माझे गुडघे काय तुझा बाप शेकणार?"

"आई, मागच्या प्रवासाचं आठव! सामानाचे तेवीस डाग होते. सगळे गाडीत चढले आणि तू फलाटावर राहिलीस!"

"तेवीस डाग मोजलेस मेल्या, आई नाही मोजलीस! तो दोष डागांचा का?"

नातीचे रंगीत दगड तर मामानं मोजलेही नाहीत. दगड तो दगड! ती रडली. मामानं डोक्यावरून हात फिरवला, पण दगड काढलेच. कायदा म्हणजे कायदा.

आता कायदेपंडिताची गोष्ट ऐका. मामाला स्वतःच्या उशीशिवाय झोप येत नसे. वीस वर्षांची उशी, मधोमध त्याच्या डोक्याएवढा खड्डा आणि त्यात तेलाचा डाग, जणू नकाशातलं तळं. पण उशी धरून त्याची पिशवी भरली पाच किलो सहाशे! त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. सगळे स्वयंपाकघरात होते. हळूच रिबन सोडली, सगळ्यात मोठं पातेलं काढून आपल्या कपाटामागं सरकवलं, उशी दुमडून खोक्याच्या तळाशी कोंबली, वर चार पातेली. 'चार म्हणजे काय कमी झाली? पोचल्यावर काढून घेऊ.'

तो बाहेर पडला आणि दहा मिनिटांनी सूनबाई आत शिरली. तिला उशी दिसली. वाटलं, पातेली आदळू नयेत म्हणून दुकानदारानं घातली असेल. तिनं एक पातेलं काढलं, यंत्र ठेवलं. मग थोरला आला. त्याला बायकोचं यंत्र दिसलं. पण बोलायचं कुणी? चोराला चोर दिसला की दोघंही आंधळे होतात! त्यानं पातेलं काढून बूट ठेवले. मग आजी, म्हणजे मामाची आई, आली, रबरी पिशवी पाण्यानं भरूनच घेऊन. शेवटी नात. तिला एकच पातेलं सापडलं. तेही तिनं इमानेइतबारे काढलं आणि दगड भरले. पाच जण, पाच पातेली. चुकायला जागाच नव्हती!

सकाळी स्टेशनवर मामानं खोका उचलला, सवयीनं तळहातावर तोलला आणि समाधानानं मान हलवली. "साडेसहा किलो. चोख!"

हात खोटं बोलत नव्हता. फक्त कसलं साडेसहा, ते हाताला कळत नव्हतं.

गाडीत नऊ माणसांचे नऊ डाग आणि तो खोका एका फळीवर मावले. मामा समोरच्या प्रवाशाला म्हणाला, "शिस्त हवी, साहेब! घरात आपल्या शब्दाला वजन हवं!" हे ऐकून चार माणसं एकदम खिडकीबाहेर बघू लागली.

दुपारी बहिणीच्या घराजवळच्या लॉजवर उतरले. मामा तोंड धुवायला गेला. तेवढ्यात सूनबाईला केस वाळवायचे होते, थोरल्याला बूट घालायचे होते, आजीचे गुडघे ठणकत होते आणि नातीला खेळायचं होतं. आपापलं सामान ज्यानं त्यानं गुपचूप काढून घेतलं. प्रत्येकाला वाटलं, बाकीची पातेली उशीखाली असतील. मामाही उशी काढायला टॉवेल खांद्यावर टाकून धावत आला, पण दारात मेहुणे उभे!

"चला, चला! सगळी मंडळी खोळंबलीत!"

मेहुण्यांनीच खोका उचलला, तो त्यांच्या हातातून नातवानं घेतला, त्याच्याकडून धाकट्या मुलानं. मामाच्या हातात आला तो थेट बहिणीच्या नव्या दिवाणखान्यात, तिच्या सासरच्या पंचवीस माणसांसमोर.

खोका तळहातावर टेकला मात्र, मामाचं रक्त गोठलं. एकतीस वर्षांचा हात! आठशे ग्रॅम. त्यात खोका दोनशे.

बहीण समोर आली. दोन्ही हात पुढं केले. मामा सोडेना.

"दे की," ती म्हणाली.

"जरा... जरा जड आहे. मीच ठेवतो आत."

तिनं ओढून घेतला. एकदा खाली केला, एकदा वर. शेवटी ती त्याच बापाची लेक! सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हलकं आहे रे!"

मामानं डोळे मिटले. रिबन सुटली. झाकण निघालं. उशी इतका वेळ दुमडून बसली होती, ती टुणकन उडाली आणि तेलाच्या तळ्यासकट सासूबाईंच्या मांडीवर पडली!

बायकोनं मामाकडं पाहिलं. मामानं सुनेकडं, सुनेनं थोरल्याकडं, थोरल्यानं आजीकडं. आजीनं छताकडं. नात मोठ्यानं म्हणाली, "मी एकच काढलं होतं, आजोबा!"

बहिणीनं उशी उचलली. तो खड्डा तिनं ओळखला. आणि जी हसायला लागली, ती भिंतीला टेकली तरी थांबेना. "सात वर्षं तुझ्या त्या एका शब्दानं माझी झोप उडाली होती, दादा! बरोब्बर वस्तू आणलीस!"

दादा! मामाच्या छातीवरचा भरलेला ट्रक उतरला. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मामाचं नाव राहिलं असतं.

पण लॉजच्या विटेसारख्या उशीवर रात्र काढून दुसऱ्या सकाळी तो मान वाकडी करून बहिणीकडं आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाला, "अगं, ती उशी तेवढी... जाताना..."

बहिणीनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत तोललं.

"दिलेली भेट परत मागतोस? तू तर फारच हलका निघालास रे, दादा!"