थांबलात की झडप बंद

"लॉनला खत मी टाकतो," असं चौकशीसाहेब बोलून गेले, आणि हॉस्पिटलच्या खोलीत सगळे एकदम गप्प झाले. सलाइनची बाटली बदलायला आलेली नर्सही क्षणभर थबकली, असं त्यांना वाटलं. (तिला लॉनचं काहीच माहीत नव्हतं. ती नळी तपासत होती.)

पलंगावर सासरे होते. मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. त्यांनी जावयाकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं. गेली एकोणीस वर्षं ते जावयाशी लेकीमार्फतच बोलत. जावई शेजारच्या खुर्चीत बसलेला असला तरी "यांना विचार, भात हवाय का?" असंच. त्यात राग नव्हता. आयुष्यभर त्यांनी जमिनीची मोजणी केली होती, आणि मोजून झाल्याशिवाय कशावर सही करायची नाही हा त्यांचा स्वभाव होता. जावयाची मोजणी अजून चालू होती, इतकंच.

"यांना सांग," ते लेकीला म्हणाले, "पानगळ लागलीय. थंडीच्या आधी मुळांच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे, नाहीतर लॉन मार खाईल. ढकलगाडी शेडमध्ये आहे. सरळ रेषेत चालायचं, नजर समोर कुंपणावर. खाली बघायचं नाही, खाली बघितलं की रेघ वाकडी होते. आणि थांबलात की झडप बंद. एवढं एक लक्षात राहिलं तरी पुरे."

"थांबलं की झडप बंद," चौकशीसाहेब म्हणाले. त्यांनी ते कागदावरही लिहून घेतलं.

ते लॉन सासूबाईंनी लावलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, लेक आणि जावई सासऱ्यांच्या घरात राहायला आले, आणि सासऱ्यांनी घरातली सगळी सूत्रं हळूहळू लेकीच्या हाती दिली. लॉन मात्र दिलं नाही. सासूबाईंची वेताची खुर्ची अजून मधोमध, झाडाच्या सावलीत असे. रोज सकाळी सासरे त्या खुर्चीभोवतीचं गवत हाताने कापत. मशीन तिथे फिरवत नसत. लॉन गेलं तर बाई दुसऱ्यांदा जाईल, असं त्यांना वाटतं, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून तर चौकशीसाहेब सगळं कागदावर लिहून घेत होते.

चौकशीसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. सव्वीस वर्षं ते एका कचेरीत चौकशीच्या खिडकीमागे बसत होते. कोणी काही विचारलं की हातातलं काम तिथेच सोडायचं, ताठ व्हायचं, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं आणि पूर्ण उत्तर द्यायचं, अशी त्यांची शिस्त. कचेरीत या गुणाची वाखाणणी व्हायची. घरी त्याच गुणामुळे आमटी गार व्हायची, कारण किती वाजले असं विचारलं तरी ते चमचा खाली ठेवत.

रविवारी सकाळी त्यांनी खताचं पोतं ढकलगाडीत ओतलं. गाडी साधीच होती. दोन चाकं, वर पेटी, पेटीच्या तळाला फट, आणि ती फट उघडणारी-मिटणारी झडप. दांड्याला एक मूठ होती, अगदी सायकलच्या ब्रेकसारखी. चौकशीसाहेब सव्वीस वर्षं सायकलवर कचेरीत जात होते. थांबलं की मूठ दाबायची, निघालं की सोडायची, हे त्यांच्या बोटांना कोणी शिकवायची गरज नव्हती. सासऱ्यांनी झडपेचं सांगितलं होतं, मुठीचं नव्हतं. तीस वर्षं तीच गाडी वापरणाऱ्याला मुठीचं सांगावं असं कसं सुचणार!

नजर कुंपणावर लावून ते निघाले. नळापाशी पोचले तोच स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक आली.

"अहो, चहा टाकू का?"

चौकशीसाहेब थांबले. मूठ दाबली. "टाक. पण अर्धाच कप. सकाळचा झालेला आहे, आणि जेवायला फार वेळ नाही."

"साखर?"

"एक चमचा. सपाट."

मूठ सोडून ते पुढे निघाले. मग बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी कुठे ठेवली हे विचारून झालं. गॅसवाल्याचा नंबर विचारून झाला. पलीकडच्या कोपऱ्यात, त्यांच्या हिरव्या स्वेटरचं बटण कधी तुटलं हे विचारून झालं. प्रत्येक वेळी ते ताठ थांबले, मूठ दाबली, आणि सविस्तर उत्तर दिलं. स्वतःच्या शिस्तीचं त्यांना मनातून कौतुकही वाटलं. एकदाही मूठ दाबायची राहिली नव्हती.

वेताच्या खुर्चीपाशी पाचव्यांदा हाक आली. या वेळी आवाज जरा वेगळा होता.

"अहो, बाबा पुन्हा चालतील ना हो?"

चौकशीसाहेब थांबले. मूठ दाबली. सव्वीस वर्षांत खिडकीवर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं, निदान 'तीन नंबरला जा' हे तरी होतं. या प्रश्नाला नव्हतं. ते नुसते उभे राहिले, खिडकीकडे बघत. बायकोच्या हातात कपबशी होती आणि ती डोळे पुसत होती. शेवटी ते म्हणाले, "डॉक्टर बघतायत ना." आणि बायको खिडकीतून बाजूला झाली, तरी ते बराच वेळ तसेच उभे होते.

पेटी त्या फेरीतच रिकामी झाली. अंदाज अगदी बरोबर निघाला म्हणून ते खूश झाले.

चौथ्या दिवशी लॉनवर पाच डाग उमटले. नळाजवळचा ताटाएवढा, बाकीचे कमीजास्त, आणि खुर्चीपाशी तर छोट्या टेबलाएवढा. गवत करपून तपकिरी पडलं होतं. चौकशीसाहेबांनी बादल्या बादल्या पाणी ओतलं. काही उपयोग झाला नाही.

"बाबांना फोन करून सांगून टाका," बायको म्हणाली.

"आत्ता? पायावर उभं राहायचा प्रयत्न चाललाय त्यांचा. उभे राहू देत आधी."

मग त्यांनी एक उपाय काढला. झाडाची पानं गळतच होती. रोज कचेरीतून आल्यावर ते पानं गोळा करत आणि डागांवर पसरत. पण पानं वाऱ्याने उडत, म्हणून ते ती पाण्याने ओली करत. लांबून पाहिलं तर लॉनवर पाच नीटनेटके गोल गालिचे अंथरल्यासारखे दिसत. (निसर्गात पानं अशी पडत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण वाकडीतिकडी पसरायला त्यांचा हात होईना.)

दोन आठवड्यांनी सासरे घरी आले. वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत, ते थेट मागच्या खिडकीपाशी गेले आणि खुर्चीत बसले. त्यांनी लॉनकडे पाहिलं.

"लॉनवर पानं राहू देत नाहीत," ते लेकीला म्हणाले. "खाली गवत कुजतं. काढायला सांग यांना."

चौकशीसाहेबांनी दाताळं घेतलं. माणूस स्वतःच्या हाताने स्वतःची फजिती उघडी पाडतो म्हणजे काय, ते त्यांना त्या दहा मिनिटांत कळलं. पाचवा ढीग बाजूला झाला आणि ते खिडकीखाली येऊन मान खाली घालून उभे राहिले.

नकाशा वाचावा तसं सासऱ्यांनी लॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचलं.

"यांना विचार, नळापाशी का थांबले होते?"

"चहाचं विचारलं होतं हिनं."

"चहाला एवढा मोठा डाग?"

"साखरेचंही विचारलं."

"आणि तो कोपऱ्यातला?"

"स्वेटरचं बटण."

मग सासऱ्यांनी वेताच्या खुर्चीकडे बोट केलं. "आणि तिथे? तिथे कोण काय विचारत होतं, एवढा वेळ?"

उत्तर बायकोनेच दिलं. "मी विचारलं होतं, बाबा. तुम्ही पुन्हा चालाल का म्हणून. यांना सांगता आलं नाही. उभेच राहिले."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खिडकीच्या कठड्यावर हात टेकून, वॉकरशिवाय, ते उभे राहिले. फार तर पाच-सहा सेकंद. मग परत बसले.

"आता देता येईल उत्तर," ते म्हणाले. मग लेकीकडे वळले. "पण यांना एक विचार. एका डागापासून दुसऱ्या डागापर्यंतचं गवत जसंच्या तसं फिकं आहे. तिथे खताचा दाणा पडलेला नाही. मूठ कधी दाबत होते?"

"थांबलो की."

"यांना सांग, मूठ दाबली की झडप उघडते!"

लेक पदर तोंडाला लावून आत पळाली. सासरे हसले नाहीत. "डाग भरतील," ते आतल्या लेकीला ऐकू जाईल असं म्हणाले. "उकरून, बी टाकून भरतील. बाकीच्या लॉनला अजून वेळ आहे. यांना दुसरं पोतं आणायला सांग. मी इथे बसतो."

पुढच्या रविवारी चौकशीसाहेब पुन्हा निघाले. मूठ घट्ट दाबलेली, नजर कुंपणावर. बायकोला खिडकीतून एक अक्षरही काढायची बंदी होती. पहिली ओळ सरळ गेली. दुसरी सरळ गेली. सातव्या ओळीत, बरोबर खिडकीसमोर, त्यांना सासऱ्यांचा आवाज ऐकू आला.

"जावईबापू, छान जमतंय हो तुम्हाला."

लेकीमार्फत नव्हे. थेट. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. चौकशीसाहेबांना भरून आलं. ते थांबले, ताठ झाले, खिडकीकडे वळले, सवयीने मूठ आणखी घट्ट आवळली आणि पूर्ण उत्तर द्यायला सुरुवात केली.

"तुमचं मार्गदर्शन होतं म्हणून, बाबा. खरं म्हणजे सुरुवातीपासून माझी अशी इच्छा होती की..."

"झडप!" सासरे ओरडले.

सहावा डाग खिडकीतून सगळ्यांत ठळक दिसतो.