अठ्ठाविसावा कागद

तुम्हाला सांगतो, सरकारी रुग्णालयात वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून लागायला जे जे लागतं, ते सगळं माझ्याकडे होतं. पदवी होती. पदवीनंतरची वर्षभराची उमेदवारी होती. परिषदेची नोंदणी होती, नोंदणीचं नूतनीकरण होतं आणि नूतनीकरणाची पावतीही होती. दोन खाजगी दवाखाने आणि एक शाळा मिळून अकरा वर्षांच्या अनुभवाचे दाखले होते. एकूण सत्तावीस कागद, प्रत्येक कागद प्लास्टिकच्या वेगळ्या कप्प्यात, आणि सगळ्यांत वर अनुक्रमणिका. फाइल बघून बायको म्हणाली, "आपल्या लग्नाचा दाखला कुठे ठेवलाय, ते तरी माहीत आहे का?"

नव्हतं माहीत. पण जाहिरातीत तो मागितलेला नव्हता.

अडखळत बोलणारी मुलं, झटका येऊन वाचा गेलेले आजोबा, ओरडून ओरडून आवाज बसलेले शिक्षक अशा सगळ्यांना बोलतं करणं हे माझं काम. ते मी अकरा वर्षं कंत्राटावर करत होतो. यंदा मला अडतीस पूर्ण होणार होती आणि जाहिरातीतली वयाची अटही अडतीसचीच होती. म्हणजे ही जागा गेली की जन्मभर कंत्राट. त्यामुळे मी कंबर कसली.

मुलाखतीची तालीम सासऱ्यांपुढे करायची ठरली. सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे निवड समितीचा अध्यक्ष कसा बसतो, कसा चष्मा पुसतो, सगळं त्यांना तोंडपाठ. फक्त त्यांना ऐकू कमी येतं, आणि यंत्र लावलं की ते म्हातारे दिसतात असं त्यांचं मत आहे.

"जावईबापू, मोठ्याने! सरकारात पुटपुटून चालत नाही."

मी मोठ्याने सांगायचो. ते म्हणायचे, अजून मोठ्याने. आठ दिवस, रोज तीन तास, घशाची निगा कशी राखावी हे मी आमच्या बैठकीच्या खोलीत बोंबलून सांगत होतो. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, पुरे करा, आवाज बसेल."

"आवाज कुणाचा आणि का बसतो, हे तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी उठून चहा मागायला तोंड उघडलं, तर नुसती हवा आली.

 बायको नुसती बघत होती, आणि ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं. सासरे मात्र खूश झाले. "शाब्बास," म्हणाले, "आता कसं हळू, नम्रपणे बोलताय."

अशा वेळी पूर्ण मौन पाळायचं, कुजबुजायचंसुद्धा नाही, हे मी हजार रुग्णांना बजावलं असेल. आता स्वतःच नियम मोडायचा म्हणजे धंद्याशी बेइमानी. मी खिशात चिठ्ठ्यांची वही घातली आणि निघालो.

कागदपत्रांची तपासणी एक वाजता बंद होणार होती. मी अकराला पोचलो. दारातच एक खिडकी दिसली. मी घशाकडे बोट केलं, चिठ्ठी पुढे सरकवली: 'वाचा-उपचार विभाग. सर्व कागदपत्रं आणली आहेत.' खिडकीतल्या कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, मग त्या जाडजूड फाइलकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम मवाळ झाला. त्याने काहीतरी विचारलं, पण मी तेवढ्यात खाली मान घालून नाव आणि वय लिहीत होतो. वर पाहिलं तर तो हवेत बोटांनी चौदा आकडा काढून दाखवत होता. एक कागदही त्याने हातात दिला. कागद दिसला की तो कप्प्यात घालायचा, या सवयीने मी तो न वाचताच अठ्ठाविसाव्या कप्प्यात घातला. खोली क्रमांक चौदा. जाहिरातीत 'प्रात्यक्षिक परीक्षा घेण्यात येईल' असं होतंच. मला वाटलं, यांनी प्रात्यक्षिक आधी ठेवलेलं दिसतंय.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगतो. आमच्यात टेबलाच्या अलीकडे रुग्ण आणि पलीकडे डॉक्टर असा प्रकार नसतो. एक मोठा आरसा असतो, आणि त्याच्यासमोर दोन स्टुलांवर दोघं शेजारी शेजारी बसतात. जीभ कुठे लागते ते दोघांना दिसावं लागतं. त्यामुळे नुसतं बघून कोण कोण आहे, ते कळत नाही.

मी एका स्टुलावर बसलो. दीड तासाने साध्या साडीतल्या, साठीकडे झुकलेल्या एक बाई आल्या आणि काही न बोलता दुसऱ्या स्टुलावर बसल्या. मी ओळखलं, या परीक्षेसाठी बसवलेल्या रुग्ण. बोलत नाहीत म्हणजे वाचा गेलेली असणार.

मी आरशात बघून हसलो. त्याही हसल्या. मी पोटावर हात ठेवून खोल श्वास घेऊन दाखवला. त्यांनीही पोटावर हात ठेवून श्वास घेतला. किती समजूतदार रुग्ण! मी जीभ बाहेर काढली. त्यांनी ती निरखून पाहिली, मान डोलावली आणि आपलीही काढली. मग त्यांनी आपणहून तोंड उघडून लांबलचक 'आऽऽ' लावला. मी घड्याळ लावलं. बावीस सेकंद! मी वहीत लिहिलं, 'आवाज उत्तम. या बाईंना काहीही झालेलं नाही.' आणि पाठीवर थाप मारतात तशी खूण केली.

बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी खुणेने फाइल मागितली. पानं उलटत गेल्या. पदवी, उमेदवारी, नोंदणी, अनुभव. शेवटी अठ्ठाविसावा कागद काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. तो केसपेपर होता. त्यावर माझं नाव, वय, आणि खाली कारकुनाच्या अक्षरात: 'बोलत नाही. बहुधा ऐकूही येत नाही.'

"तुम्हाला ऐकू येतं?" बाईंनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"मग मी मघापासून न बोलता हातवारे कशाला करतेय? आणि तुम्ही माझा आवाज तपासत होता?"

मी पुन्हा मान हलवली. त्या वेळी जमीन दुभंगली असती तर मी फाइलसकट आत गेलो असतो.

त्या विभागप्रमुख होत्या. निवड समितीतही होत्या. भिंतीवरच्या घड्याळात एकला दहा कमी होते. "उठा," म्हणाल्या, आणि मला दंडाला धरून दोन जिने वर, खऱ्या, म्हणजे भरतीच्या खिडकीपर्यंत नेलं. कागद तपासून झाले तेव्हा एकला दोन मिनिटं होती.

मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तुमचा आवाज कशाने बसला? लिहून द्या."

खोटं लिहायचं मनात आलं होतं. पण चिठ्ठी होती चार बोटांची, आणि खोट्याला जागा जास्त लागते. मी लिहिलं, 'आठ दिवस ओरडून मुलाखतीची तालीम केली. घरच्यांनी थांबवलं. ऐकलं नाही.'

बाईंनी चिठ्ठी वाचली आणि शेजारच्यांकडे सरकवली. "पूर्ण मौन पाळतायत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे इतकं तरी कोण पाळतं?"

मी लागलो. सासरे म्हणतात, त्यांच्या तालमीमुळे.

रुजू झालो त्या सकाळी खोली चौदामध्ये कारकुनाने दिवसाची यादी आणून दिली. पहिलंच नाव माझं होतं. केसपेपर निघालेला असल्यामुळे रुग्णाची फेरतपासणी लावावीच लागते, असं तो म्हणाला.

मी आरशासमोरच्या एका स्टुलावर बसलो आणि रुग्णाला तपासलं. रुग्ण वेळेवर आला होता. घशाचे व्यायाम मात्र त्याने एकही दिवस केले नव्हते.