कंप्युटरच्या डब्याचं माप

आमच्या घरातल्या गॅसच्या टाकीला परकर आहे. निळ्या फुलांचा, खाली झालर लावलेला, कमरेला नाडी. टाकी बदलायला माणूस आला की आधी नाडी सोडावी लागते. तेवढा वेळ तो बिचारा भिंतीकडे बघत उभा राहतो.

मिक्सरला टोपडं आहे. फ्रिजच्या मुठीला मोजा आहे. छताच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांना हिवाळ्यात गवसण्या असतात, त्यामुळे दिवाळीनंतर कुणी चुकून बटण दाबलं की घरभर तीन उशा फिरल्यासारखं दिसतं. रिमोटला दोन कपडे आहेत, एक रोजचा आणि एक पाहुणे आले की घालायचा. पाहुण्यांच्या कपड्याला खिडकी ठेवलेली नाही, म्हणून पाहुणे असेपर्यंत आमच्याकडे एकच चॅनल चालतं.

हे सगळं सिंधूआत्याचं काम. ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोठी बहीण. माझ्या जन्माच्या आधी एका टेम्पोत शिलाई मशीन घालून ती सासरहून परतूरला आमच्याकडे आली आणि राहिली. का आली हे घरात कुणी बोलत नाही, म्हणून मलाही नीट माहीत नाही. ती गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते आणि उरलेल्या कापडातून घरातल्या वस्तूंचे कपडे. कुणी हसलं तर तिचं उत्तर ठरलेलं असतं, "उघडं बरं न्हाई दिसत."

मी जालन्याला बीएस्सी कंप्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नक्की काय शिकते हे घरात मला नीट सांगता येत नाही, आणि कॉलेजात घरचं सांगता येत नाही. प्रोजेक्ट म्हणून मी कपाशीच्या पानांचे फोटो घेतले होते. कुठल्या पानावर कोणता रोग आहे ते मशीननं ओळखायचं. त्यासाठी मशीन सलग आठ-नऊ तास चालावं लागतं आणि कॉलेजची लॅब पाच वाजता बंद होते. एक सीनियर ताई पुण्याला गेली तेव्हा तिनं आपल्या जुन्या कंप्युटरचे सुटे भाग मला दिले. सगळं होतं, फक्त बाहेरचं कॅबिनेट नव्हतं. ते तिच्या भावानं ठेवून घेतलं.

मी मदरबोर्ड लाकडी पाटावर मांडला, वायरी जोडल्या, आणि ते सुरूही झालं. आत्या दारात उभी राहून बघत होती.

"हे काय पूजेला बसवलंय?"

"कंप्युटर आहे आत्या."

"असा? उघडा?"

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून घरी आले तेव्हा पाटावर ओला टॉवेल होता. नशीब, मशीन बंद होतं. मी ओरडले तर म्हणाली, "धूळ बसून राह्यली होती. कोरड्या फडक्यानं नुसती इकडची तिकडं होती." मी टॉवेल उचलला, सगळे भाग दोन दिवस उन्हाच्या कडेला वाळवले आणि म्हणाले, प्रोजेक्ट द्यायला महिना राहिलाय, मला लवकरात लवकर कॅबिनेट घ्यावं लागेल.

"म्हंजी डबा," आत्या म्हणाली. "डबा माझ्याकडून. पण पसंत मी करीन."

मला तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं. पण तिनं आयुष्यात पहिल्यांदाच मला एवढं मोठं काही घेऊ केलं होतं, आणि मला मोठ्यांना नाही म्हणता येत नाही. रविवारी आम्ही गाडीनं जालन्याला गेलो. आत्याच्या पिशवीत पाण्याची बाटली, दशम्या आणि शिवणकामाची टेप होती.

पहिल्या दुकानात दुकानदारानं काचेच्या बाजूचं कॅबिनेट काढलं. आत लाल, निळे, हिरवे दिवे फिरत होते. खरं सांगायचं तर मी महिनाभर मोबाईलवर त्याचेच फोटो बघत होते.

"याच्या पोटातलं समदं दिसून राह्यलं," आत्या म्हणाली.

"तीच तर मजा आहे मावशी. लोक आत बघतात."

"कोण लोक?"

दुकानदारानं चष्मा पुसला.

"आमच्याकडं लोक चहाला येतात," असं म्हणून आत्या पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दुकानात समोरून सगळी जाळी असलेलं कॅबिनेट होतं. मी तिला समजावलं की मशीन आतून तापतं, समोरून गार हवा जाते, मागच्या पंख्यातून गरम हवा बाहेर पडते, म्हणून हेच चांगलं. आत्यानं जाळीवरून बोट फिरवलं.

"ही चाळणी हाय. आपल्या दारावरून कापसाच्या गाड्या जातात. संक्रांतीपर्यंत याच्यात गादी भरंल."

"पण त्याला हवा लागते ना."

"लागती तितकी घेईल की. माणसं बी घेतात. त्यासाठी अंगभर भोकं पाडून घेत न्हाईत."

मग तिनं टेप काढली. उंची, रुंदी, खोली. मग पुढच्या पट्टीपाशी थांबून तोंड वाकडं केलं. "याचं तोंड तिरपं हाय. कळ्या घालाव्या लागतीन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "आत्या, तू डबा बघतीस का त्याचा झगा?"

"दोन्ही बराबर बघावं लागतं. मागून रडायचं न्हाई."

दुकानदार हसायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलेजातलं कुणी रस्त्यावर दिसतंय का ते मी बघून घेतलं. दुकानदारानं आणखी एक कॅबिनेट पुढे केलं, चौकोनी, साधं, जाळी थोडी कमी. मला ते चालणार होतं. मी लगेच हो म्हणाले. दुकानदार म्हणाला, तुमचं ग्राफिक कार्ड आरामात बसेल, बिलकुल टेन्शन घेऊ नका.

आत्यानं झाकण काढायला लावलं आणि टेप आत घातली.

"साडेधा. अडकंल."

"काय अडकेल?"

"तुझी ती लांब पट्टी, दोन पंख्याची. सव्वा अकरा हाय."

"तुला कसं माहीत?"

"मोजली. घरात आली त्या दिवशीच."

दुकानदारानं स्वतःची टेप आणली. साडेदहा इंचच होते. पुढे एक पत्र्याची चौकट आडवी येत होती आणि ती रिबिटनं पक्की केलेली होती. ते कॅबिनेट मी घरी नेलं असतं तर कार्ड बसलंच नसतं. आत्याचं बरोबर निघालं याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त जास्त राग आला.

तिसऱ्या दुकानात, सगळ्यात खालच्या फळीवर, धुळीनं माखलेलं एक काळं कॅबिनेट होतं. दोन्ही बाजूंना सरळ पत्रा, समोर कडेला बारीक फटी, मागे एक पंखा. दिवा म्हणून एकच, मिरीएवढा. आत्यानं चारी कोपरे मोजले, आत मोजलं.

"पावणेबारा. चारी बाजू सरळ. हाच."

दुकानदार म्हणाला, "मावशी, हे जुनं मॉडेल आहे. आता कुणी घेत नाही."

"मंग तर बरंच झालं. दुसऱ्याच्या घरी दिसणार न्हाई."

परतीच्या गाडीत तिनं खोका मांडीवर घेतला आणि त्यावर पदर टाकला. समोरच्या बाईनं विचारलं, काय आहे हो त्यात? आत्या म्हणाली, "आमच्या रेणूच्या कंप्युटरचा डबा. मी घेतला." परतूर येईपर्यंत हे तिनं आणखी दोघांना सांगितलं. त्यातल्या एकानं विचारलंही नव्हतं.

मशीन बसलं. सगळं नीट चालायला लागलं. मी तिला एकच गोष्ट बजावली, चालू असताना यावर काही घालायचं नाही. "बराबर," ती म्हणाली. मला वाटलं, झालं.

पंधरा दिवसांनी फोटो तयार झाले. सकाळी मी मशीन कामाला लावलं आणि कॉलेजला गेले. माझ्या हिशेबानं मी परत येईपर्यंत काम पूर्ण होणार होतं. आले तर टेबलावर मरून रंगाचं मखमली काहीतरी उभं होतं. काठाला सोनेरी पट्टी, चारी कोपऱ्यांना गोंडे, आतून जुन्या दुलईचं अस्तर. वरून हात लावला तर तव्यासारखं गरम. मशीन कधीच बंद पडलं होतं. तासातासाला काम जतन करायचं मी विसरले होते, ती चूक माझीच, पण त्या वेळी मला ते आठवलं नाही.

"आत्या, हे काय केलंस?"

ती हात पुसत आली. तोंडावर हसू होतं. मला गोंडे आवडतील असं तिला वाटलं असावं. "मार्केटात आज गाड्या लई आल्या ना. समदा कापूस उडून राह्यला. म्हणलं, नव्या डब्यात जाईल."

"मी सांगितलं होतं ना, घालू नको म्हणून."

"दुपारपुरतंच घातल्तं."

"सगळं गेलं माझं. हा माझा डबा आहे. तू याला हात लावत जाऊ नको."

आत्याला कुणी एक म्हटलं तर ती तीन ऐकवते. अण्णांनाही सोडत नाही. त्या दिवशी ती फक्त "बरं" म्हणाली, झगा काढला, घडी घातली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसले होते. आत्या झाडू घेऊन आली. खोलीचा अर्धा भाग झाडला आणि थांबली.

"इथलं झाडू का?" तिनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही की ती मला विचारते आहे. या घरात तिनं कधी कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी हो म्हणाले. तिनं टेबलापासून हातभर लांब झाडलं आणि गेली. तिसऱ्या दिवशीही विचारलं. मी खोलीत आले की ती तिथं असेल तर हातातलं ठेवून बाहेर जायची. आई मला म्हणाली, "काय बोललीस गं तू ताईंना? काल मला विचारत होत्या, दुपारी शिलाई मशीन चालवलं तर तुम्हाला त्रास होतो का. एवढ्या वर्षांनी."

मी सॉरी म्हणायचं ठरवलं, पण आमच्या घरात सॉरी कसं म्हणतात ते मला माहीत नाही. म्हणून मी तिच्या खोलीत जाऊन उगाच बसले. ती कुणाचा तरी ब्लाउज शिवत होती. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आत्या, तू सगळ्या घराला कपडे घातले. या शिलाई मशीनला कसं काही शिवलं नाही?"

तिनं मान वर केली नाही. "ती माझीच हाय की. तिला कशाला?"

तिच्या पायाखाली पायडल हलत राहिलं. तिथून बाहेर पडताना स्वयंपाकघरातून जावं लागतं, तिथं टाकी होती, मिक्सर होता, फ्रिज होता. त्या दिवशी मला त्यातल्या कशाचंच हसू आलं नाही.

संध्याकाळी मी मशीन सुरू केलं आणि तिला हाक मारली. ती दारातच उभी राहिली.

"ये ना. हात दे."

"मी न्हाई लावत बाई."

मी तिचा हात धरून डब्याच्या मागं पंख्यासमोर नेला. तळहातावर गरम हवा लागल्यावर ती दचकली, पण हात तिथंच ठेवला.

"हे तर जित्तं हाय की गं."

"ही हवा गरम लागली तर ठीक. पण हवा यायचीच थांबली आणि डबा तापला, तर हे बटण दाबायचं. उद्या मी दिवसभर नाही. नऊ तास चालवायचंय. आणि परवा जमा करायचंय. तू बघशील?"

"मी?"

"तूच घेतलाय ना डबा."

तिनं पंख्यासमोरचा हात उलटा करून बघितला, मग पुन्हा सुलटा. "खिडकी लावून घ्यावी लागंल," ती म्हणाली. "कापूस येतो."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझं लक्ष नव्हतं. आईनं नंतर सांगितलं की आत्यानं त्या दिवशी एकही ब्लाउज शिवला नाही, शेजारच्या काकू माप द्यायला आल्या तर त्यांना दारातूनच परत पाठवलं, आणि आईलाही त्या खोलीत चप्पल घालून येऊ दिलं नाही.

मी आले तेव्हा खिडक्या बंद होत्या, खोली उकडत होती. आत्या टेबलापाशी उभी होती, डब्याच्या मागं तळहात धरून. कपाळावर घाम होता. मला बघून तिनं हात काढला नाही.

"झालं का गं?" मी स्क्रीन बघायला पुढं झाले.

"अजून हवा गरम येऊन राह्यली," आत्या म्हणाली. "तू तशीच धुळीच्या पायानं कुठं घुसतीस? आधी पाय धुऊन ये, जल्दी."

मी पाय धुवायला गेले.