सासूबाईंचा उजवा हात

मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की आता दचकायचं नाही. (मांजरानं उडी मारली म्हणून बी. ए. झालेल्या बाईनं किंचाळणं बरं दिसत नाही.)

पण घरातच भीती बसली होती. नवं मराठी राज्य होऊन वर्ष होत आलं, त्याच चैत्रात सासूबाईंना, गोजरबाईंना, लकवा मारला आणि उजवा हात लाकडासारखा पडला. चिखलीचे डॉक्टर म्हणाले, "पोळ्यापर्यंत हलला तर हलला. नाहीतर आशा सोडा."

पोळा आठवड्यावर आला. जीभ तेवढी लकव्यानं सोडली होती, पण आता तीही एकच वाक्य बोले, "दुसऱ्याच्या हातानं खाऊन किती दिस जगू वं?" काही हवं असलं की सासूबाई डाव्या हातानं ताटलीवर चमचा आपटत आणि मी दचकून भलतीकडेच धावे.

आमचे हे अमडापूरच्या शाळेत खेळाचे मास्तर. एक दिवस चमचा वाजताच त्यांनी माझ्यावर स्टॉपवॉच लावलं.

"दोन दशांश सेकंद! इतक्या लवकर माझा एकही धावपटू सुटत नाही."

मी लाजले.

"थांब. अंग हललं ही नुसती प्रतिक्रिया. नेमकं काम पुरं झालं, तर तो प्रतिसाद. आईनं मागितलेलं पाणी तिच्या तोंडाशी जायला सव्वाचार मिनिटं लागली. मधे तू गोठ्यात जाऊन आलीस."

"मग काय करू?"

"सराव. आवाज कधी होईल ते ठाऊक नसताना."

दुसऱ्या सकाळी मी सासूबाईंकडे गरम पेज नेत होते. ह्यांनी मागून शर्यत सोडायच्या लाकडी फळ्या आपटल्या. खाडकन्!

प्रतिक्रिया उत्तम झाली. वाडगा माझ्या हातून सुटून थेट सासूबाईंच्या छातीकडे गेला. मी डोळे मिटले. (हा माझा प्रतिसाद.)

किंकाळी आली नाही. डोळे उघडले तर वाडगा अधांतरी, सासूबाईंच्या उजव्या हातात. पेज गोधडीवर.

"दोघं मिळून मले भाजून मारून राह्यले का बे?" त्या ओरडल्या. मग वाडगा धरलेल्या स्वतःच्या हाताकडे बघतच राहिल्या. ह्यांनी फळ्या टाकल्या आणि हे आईच्या पायाशी बसून ढसाढसा रडले.

पोळ्याला डॉक्टर आले. हात खांद्यापर्यंत उठत होता. "औषध कोणतं दिलंत?"

मी पदर सारखा करून पुढे झाले.

"औषध कायचं, डाक्टर?" सासूबाई म्हणाल्या. "ही वाडगा घेऊन येतानी दिसली का हात आपोआपच वर होते."